सत्तेचाळीस नंबरच्या नळीतली बुरशी

बाई,

तुमच्या घरात अंडं कधी आलं नाही, पण फ्रिजमधला अंड्यांचा कप्पा कधी रिकामा राहिला नाही. तुमच्या चौदाव्याला मी तुमच्या भेस्तानच्या घरी आले, तेव्हा तुमची सून मनीषा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिने फ्रिज उघडला आणि हळूच म्हणाली, "ताई, यांचं काय करू? टाकवत नाही आणि ठेवायची भीती वाटते." अंड्याच्या प्रत्येक खळग्यात एक काचेची नळी उभी होती. तोंडाला कापसाचा बोळा, अंगावर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी. खाली कोथिंबिरीची जुडी आणि दह्याचं भांडं. आयुष्यभर बुरशी शिकवली तुम्ही, पण तुमच्या दह्यावर कधी ठिपका पाहिला नाही. मला रडायचं होतं आणि आलं हसू. मनीषालाही आलं. चौदाव्याच्या घरात आम्ही दोघी फ्रिजचं दार धरून हसत होतो. बाहेरची मंडळी काय म्हणाली असतील, देव जाणे.

मग तिने सांगितलं, "आई सांगून गेल्यात. बाकीच्या नळ्या कॉलेजला द्यायच्या. सत्तेचाळीस नंबरची वैशालीला, म्हणजे तुम्हाला."

माझं हसू तिथेच थांबलं. त्या नळीवरून आपण तीन वर्षं भांडलो. आणि त्या नळीबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले होते. तुम्ही जिवंत असताना कबूल करायचं धाडस झालं नाही, म्हणून आता लिहिते आहे. पण लगेच नाही सांगणार. तुमच्याशी बोलायला बसलं की आधी इकडचं तिकडचं व्हायचंच.

तुमचा पहिला तास आठवतो. आम्ही बीएस्सीची पोरं घरून शिळा पाव आणायला सांगितला म्हणून पिशव्या घेऊन आलो होतो. कुणाच्या पावावर हिरवं, कुणाच्या पावावर काळं, एकीच्या पावावर तर नुसता पांढरा कापूस. एका मुलाने पिशवी नाकाला लावली, तशा तुम्ही ओरडलात, "अरे, अत्तर आहे का ते? बीजाणू छातीत गेले की मग त्यांना नावं विचारत बस!" मग तुम्ही आधीच बुरशा वाढवून ठेवलेल्या काचेच्या ताटल्यांमधली एक हातात घेऊन पालथी केलीत. आम्हाला वाटलं, बाईंच्या हातून पडली. तुम्ही म्हणालात, "वरचा रंग सगळेच बघतात. पाठ बघा. माणसाची आणि बुरशीची ओळख पाठीवरून होते." आणि खरंच, वरून हिरव्याच दिसणाऱ्या दोन बुरशा मागून पाहिल्या, तर एक पिवळी निघाली, एक विटकरी. सुरतच्या लिंबायत वस्तीतल्या एका खोलीत सहा माणसांत वाढलेली मी. भिंतीवरची बुरशी म्हणजे चुन्याने पुसायची घाण, एवढंच मला ठाऊक. तिला पाठ असते, चाल असते, स्वभाव असतो, हे त्या दिवशी कळलं. मी घरी जाऊन आमची भिंत तासभर बघत बसले. आई म्हणाली, पोरीला दृष्ट लागली.

आणि तुम्ही लिंबायतला आलात तो दिवस! आमचे बाबा ज्या लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कामाला होते, तिथे शेठने नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणली होती आणि जुन्या जकार्डची कार्डं माळ्यावर टाकून दिली होती. साडीच्या काठावर कुठे मोर यायचा, कुठे वेल यायची, हे त्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यावर ठरायचं. त्या पुठ्ठ्यांवर काळे केसाळ ठिपके आलेत, असं मी वर्गात बोलून गेले, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही रिक्षातून हजर. कडक इस्त्रीची साडी, गळ्यात परकराच्या नाडीत ओवलेलं भिंग. शेठ घाबरून खुर्चीतून उठला. "बेन, तमे कॉर्पोरेशनमांथी आव्या छो?" तुम्ही म्हणालात, "नाही हो, मी बुरशी न्यायला आलेय." तो आणखीच घाबरला. बाबा मध्ये पडले, त्यांना वाटलं बाईंना स्वच्छता करायची आहे. "बाईसाहेब, हाई बुरशी शे. उनमा ठेवा, चालनी जाई." तुम्ही त्यांना हात जोडलेत. "अहो, घालवायची कुणाला आहे? मला तिला घरी न्यायचंय." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तू कोणाकडे शिकतेस, असा भाव होता तोंडावर. पण शिडी त्यांनीच धरली, आणि तुम्ही त्या इस्त्रीच्या साडीत माळ्यावर चढलात. खाली आलात ती डोक्यावर जाळं आणि हातात पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेऊन. शेठ म्हणाला, "लई जाओ, बधी लई जाओ," आणि वर चहा पाजला.

त्या पुठ्ठ्यातून निघाली ती सत्तेचाळीस नंबर. घराणं ओळखीचं होतं, केटोमियम. कागद, पुठ्ठा, सूत खाऊन जगणारी. भिंगाखाली बारीक काळी मडकी दिसतात आणि त्या मडक्यांना केस असतात. नेहमीच्या, घरोघरी सापडणाऱ्या जातीचे केस नागमोडी. हिचे मात्र सरळ, ताठ, आणि फक्त टोकाला वळलेले. तुम्ही पुस्तकं उलथीपालथी केलीत, पुण्या-मुंबईच्या जाणकारांना चित्रं पाठवलीत. कुणी म्हणालं ही अमकी, कुणी म्हणालं तमकी, आणि प्रत्येकाला तुम्ही नम्रपणे उत्तर लिहिलंत की नाही, ही ती नाही. ते चित्र तुम्ही हाताने काढलं होतं, सूक्ष्मदर्शकात एक डोळा आणि कागदावर दुसरा ठेवून. मी शेजारी बसून पेन्सिलींना टोक करत होते. "ही कुणाचीच नाही गं," तुम्ही म्हणालात, "म्हणून आपली." नाव नव्हतं म्हणून नंबरच नाव झाला. निर्जंतुक तेलाखाली ती नळी बुडवून ठेवलीत, म्हणजे वर्षानुवर्षं झोपून राहील आणि मरणार नाही.

मग मी डीएनए वाचायला शिकले आणि आपल्या भांडणाचे दिवस सुरू झाले. काय सुंदर दिवस होते ते! रविवारी दुपारी भेस्तानला यायचं, तुम्ही खमण आणलेलं असायचं, वर शेव माझ्या हाताने घालायची कारण तुम्ही कंजूषपणा करता असा माझा आरोप, आणि पहिला घास पोटात जायच्या आत सुरुवात. मी म्हणायचे, बाई, आकार फसवतो. एकच बुरशी भातावर एक दिसते आणि बटाट्यावर दुसरी. दोन वेगळ्या जाती अगदी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. जनुक वाचा, प्रश्न मिटला. जनुक म्हणजे आधार कार्ड. तुम्ही चमचा रोखून म्हणायचात, "आधार कार्डावरच्या फोटोत माणूस ओळखू येतो का? माझा बघ. मी नाहीच ती." मी हसून लोळायचे. मग तुम्ही गंभीर व्हायचात. "जनुक वाच, जरूर वाच. मला येत असतं तर मीही वाचलं असतं. पण आधी डोळ्यांनी बघ. तुझं यंत्र खोटं बोलणार नाही, पण तू त्याच्या पुढ्यात कुणाला बसवलंस, ते त्याला कसं कळणार?"

इथे येऊन मी आता थांबू शकत नाही. सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या शोधनिबंधाची मुदत डोक्यावर होती. सुरतच्या कापड कारखान्यांतल्या बुरशा, असा विषय. सत्तेचाळीस नंबर त्यातला माझा हुकमी एक्का होता. तुम्ही विश्वासाने नळी दिलीत, सोबत तुमचं चित्र दिलंत, आणि जुन्या पाकिटातला पुठ्ठ्याचा उरलेला तुकडाही दिलात, आठवण म्हणून. मी नळीतून कण काढून पेरला. आठ दिवस झाले, काही उगवलं नाही. तेलाखाली झोपलेली बुरशी जागी व्हायला वेळ घेते, चारदा पेरावी लागते, हे तुम्ही शिकवलं होतं. पण मला घाई. मी पुठ्ठा ओला केला. पाचव्या दिवशी त्यावर काळी मडकीच मडकी. त्याच पुठ्ठ्यावरची, म्हणजे तीच असणार, असं मी स्वतःला समजावलं. सूक्ष्मदर्शक दोन पावलांवर होता, बाई. एक काचपट्टी करायला किती वेळ लागतो? मी केली नाही. डीएनए काढला, वाचून घेतला. यंत्र म्हणालं, ही घरोघरची, साधी केटोमियम. मी ते नाव सत्तेचाळीस नंबरच्या पुढे लिहिलं, शेजारी तुमचं चित्र छापलं आणि जनुकाची ती ओळ जगभरच्या संशोधकांच्या नोंदीत पाठवून दिली.

छापलेला निबंध, तुमची नळी आणि पेढे घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही चष्मा लावून वाचलात. पेढा हातातच राहिला. "ही ती नाही," तुम्ही म्हणालात. मी हसून म्हणाले, बाई, हरलं की मान्य करावं. तुम्ही विचारलंत, "तू माझ्याच नळीतून घेतलंस ना?"

"हो बाई."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, फार वेळ नाही, आणि पेढा खाल्लात. "छान आहे. चौट्याच्या बाजारातला का?" एवढंच. पुन्हा तो प्रश्न तुम्ही कधी विचारला नाही. ती नोंद काढून टाक, असं मात्र दर दोन-तीन महिन्यांनी म्हणत राहिलात, कधी चेष्टेत, कधी रागाने, आणि मी दर वेळी यंत्राचा हवाला देत राहिले. त्या निबंधावर मला सुरतजवळच्या सचिन गावातल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. आता कबूल केलं तर साहेब काय म्हणतील, लोक काय म्हणतील. तुम्हाला कळलं होतं का, बाई? मला वाटतं, कळलं होतं. ज्या बाईला बुरशीच्या केसावरून तिची जात कळते, तिला माझा चेहरा वाचता आला नसेल का? तरी खमण कधी कमी झालं नाही. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

चौदाव्याच्या दिवशी ती नळी मी ओढणीत गुंडाळून रिक्षातून घरी आणली. दुसऱ्या दिवशीपासून लागले कामाला. तेल निथळवलं, कण पेरला. नाही. पुन्हा पेरला. नाही. तिसऱ्यांदा नुसत्या गाळण कागदाची पट्टी दिली खायला, तुमचीच युक्ती. सातव्या दिवशी कागदावर एक राखाडी डाग आला. दहाव्या दिवशी मडकी. या वेळी मी यंत्राच्या वाटेला गेले नाही. एकच बीजाणू उचलून वेगळा वाढवला, काचपट्टी केली, बसले, आणि भिंग जुळवलं.

सरळ. ताठ. टोकाला वळलेले.

मी प्रयोगशाळेत मोठ्याने ओरडले, "बाई!" शेजारच्या टेबलावरची मुलगी दचकून उभी राहिली. तो आनंद कुणाला सांगू कळेना, म्हणून फोटो काढून घरी बाबांना दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला. "तीच शे का हाई? बाईसाहेबनी?" म्हटलं, हो, तीच. ते म्हणाले, "मंग इतला वरीस काय खाई राह्यनी व्हती ती?" या प्रश्नाचं उत्तर तुम्ही फार रंगवून दिलं असतंत.

मग जनुकं वाचली. एक नाही, तीन. पहिल्या जनुकाने हिला दहा नातेवाइकांच्या घोळक्यात बसवलं, त्यावरून काहीच ठरेना. उरलेल्या दोघांनी मात्र तिला त्या घोळक्यातून उठवून वेगळ्या पाटावर नेऊन बसवलं. जगाच्या नोंदीत तिच्यासारखी कुणी नाही. तुम्ही डोळ्यांनी जे म्हणत होतात, तेच यंत्रही म्हणालं, फक्त त्याच्या पुढ्यात या वेळी खरी बुरशी बसली होती. इतकी वर्षं मी उगाच तुम्हाला आणि यंत्राला समोरासमोर उभं करत होते. तुमचं भांडण यंत्राशी नव्हतंच. तुम्ही माझ्या हाताकडे बोट दाखवत होतात.

दुरुस्तीचं पत्र लिहायला बसले. पहिल्यांदा लिहिलं, नमुन्यात भेसळ आढळली. वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. जणू बुरशीच रात्रीची उठून बसली होती दुसऱ्याच्या जागेवर. खोडलं. मग सरळ लिहिलं की ही ओळ नळीतल्या बुरशीची नाही, मी वेळ वाचवण्यासाठी पुठ्ठ्यावरून घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली तपासली नाही, आणि माझ्या शिक्षिकेने चूक दाखवूनही ऐकलं नाही. चित्र त्यांचं आहे आणि ते बरोबर आहे. खरी जनुकं सोबत जोडली. पाठवण्याआधी पत्र साहेबांना दाखवलं. त्यांनी पूर्ण वाचलं, चष्मा काढला. "भूल तो बधाथी थाय," ते म्हणाले, "पण लखीने कोई नथी आपतुं. मोकली दो." चूक सगळ्यांचीच होते, लिहून कुणी देत नाही! मी पत्र पाठवून दिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी दुपारचा डबा चवीने जेवले.

आता ऐका पुढचं. हे सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

गेल्या आठवड्यात आसामातून एक पत्र आलं. जोनाली नावाची बाई आहे, एका छोट्या कॉलेजात शिकवते, माझ्याहून लहान असावी. तिकडच्या विणकरांच्या गावात जुन्या जकार्ड कार्डांवर तिला एक बुरशी सापडली होती. सरळ केस, टोकाला वळलेले. जगात कुठे असं चित्र नाही, फक्त माझ्या निबंधात आहे. पण चित्र जुळे, जनुक जुळेना. तिने दोनदा वाचून घेतलं, तिसऱ्यांदा वाचायला सोय नव्हती. बरोबरचे लोक म्हणाले, छापलेलं चुकीचं कसं असेल, तुमचाच हात कुठेतरी चुकला. तिने ते काम बांधून कपाटात ठेवलं. बुरशी या वर्षी टाकून देणार होती. तेवढ्यात माझी दुरुस्ती आली. तिने नवी जनुकं आपल्या जनुकांशेजारी ठेवली आणि, तिचे शब्द, "मैं कुर्सी पर बैठी-बैठी रो पड़ी।"

बाई, माझ्या त्या एका 'हो बाई'ने तिकडे दूर एका बाईची दोन वर्षं खाल्ली होती. तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी नोंद काढ म्हणत होतात ते तुमच्यासाठी नव्हतंच. अशी कुणीतरी असेल, हे तुम्हाला माहीत होतं. मला वाटत राहिलं, बाईंना जिंकायचंय. चुकले मी. मनापासून माफी मागते. आणि हेही सांगते की तुमची बुरशी एकटी नाही. आता दोन गावांतून दोन नमुने झालेत, नाव द्यायला कुणी आडकाठी करणार नाही. नाव तुमचं द्यावं असं माझ्या मनात आहे. तुम्ही असतात तर म्हणाल्या असतात, "नको गं, लोक मला फिनाइलने पुसतील." पण आता तुम्हाला विचारतंय कोण?

पत्राच्या शेवटी जोनालीने विचारलं होतं, हे चित्र काढणाऱ्या मॅडमशी बोलता येईल का?  मी उत्तर लिहिलं की त्या पाच महिन्यांपूर्वी गेल्या, काही विचारायचं असेल तर मी आहे, आणि खाली फोन नंबर दिला.

काल दुपारी तिचा फोन आला. आधी तुमच्याबद्दल दोन शब्द बोलली, माझं सांत्वन केलं, मी धन्यवाद म्हटलं. मग म्हणाली, "दीदी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना। आपकी मॅडम ने बाल तो एकदम सही बनाए हैं, लेकिन बीजाणु थोड़ा मोटा बना दिया है।"

बाई, मी खुर्ची ओढली, चित्र समोर घेतलं आणि तासभर भांडले तिच्याशी. पहिल्यांदाच, तुमच्या बाजूने.